चुंबकाची गादी आणि सुखाची झोप

लोहचुंबक म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांना शाळेतला तो नालाच्या आकाराचा, तांबड्या रंगाचा तुकडा आठवतो. मास्तर कागदावर लोखंडाचा कीस पसरीत, कागदाखालून चुंबक फिरवीत, आणि तो कीस सुरवंटासारखा अंगावरचे केस उभे करून चालू लागे. हात न लावता वस्तू हलते याचे तेव्हा वाटलेले नवल मोठेपणीही पुरते जात नाही. चुंबकाच्या नावावर एखादी वस्तू विकायला आणणारा माणूस नेमका त्या नवलालाच हात घालतो.

आमच्या शेजारी एक निवृत्त गुरुजी राहतात. वय सत्तरीच्या पुढे, गुडघे दुखतात, कंबर धरते, रक्तदाबाची गोळी रोज सकाळी चालू आहे. गेल्या पावसाळ्यात त्यांचा भाचा एक गादी घेऊन आला. जाड, निळ्या खोळीची, आत ओळीने चुंबक बसवलेले. म्हणाला, "मामा, ही गादी नव्हे, औषध आहे. आठ दिवस झोपून बघा, पटलं तरच पैसे द्या." किंमत एक लाख दहा हजार रुपये. सोबत छापील पत्रक होते: रक्ताभिसरण सुधारते, सांधेदुखी जाते, रक्तदाब व मधुमेह आटोक्यात येतो, झोप गाढ लागते. गुरुजींनी मला बोलावले आणि विचारले, "तुम्ही पदार्थविज्ञान शिकवलंत ना? मग सांगा, यात काही तथ्य आहे का?"

त्या प्रश्नाचे उत्तर मी त्यांना एका बैठकीत देऊ शकलो नाही. तीन संध्याकाळी लागल्या. त्या तीन संध्याकाळींचे सार आज आपणांपुढे ठेवतो. न जाणो, उद्या अशी एखादी गादी आपल्याही दारी येईल.

पहिला मुद्दा रक्ताचा. पत्रक म्हणते, रक्तात लोह आहे आणि चुंबक लोहाला ओढतो, म्हणून गादीवर झोपले की रक्त वेगाने वाहू लागते. ऐकायला किती सरळ वाटते! रक्तात लोह आहे हे खरेच आहे. मोठ्या माणसाच्या शरीरात एकूण तीन-चार ग्रॅम, म्हणजे एखाद्या लहानशा खिळ्याएवढे लोह असते आणि त्यातले बरेचसे रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये असते. पण खिळ्यातले लोखंड निराळे आणि रक्तातले लोह निराळे. खिळ्यामध्ये लोखंडाचे असंख्य अणू एकमेकांना खेटून, एका शिस्तीत उभे असतात. चुंबक जवळ आला की ते सारे पलटणीसारखे एका दिशेला तोंड करतात. हिमोग्लोबिनच्या एका रेणूत मात्र लोहाचे फक्त चार अणू असतात, आणि तेही एकमेकांपासून दूर, चार वेगळ्या खोल्यांत राहावेत तसे. त्यांची पलटण होत नाही.

१९३६ साली अमेरिकेत लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरियेल या दोन शास्त्रज्ञांनी रक्ताचे हे गुण मोजून पाहिले. त्यांना असे आढळले की, प्राणवायू सोडून दिलेले हिमोग्लोबिन चुंबकाकडे अगदी किंचित ओढले जाते, आणि प्राणवायू घेतलेले हिमोग्लोबिन चुंबकापासून किंचित दूर सारले जाते. म्हणजे फुप्फुसांतून ताजे होऊन आलेले रक्त चुंबकाला चक्क नकार देते! पण हे ओढणे आणि सारणे दोन्ही इतके क्षीण आहे की, हृदयाच्या धक्क्यापुढे त्याची गणतीच नाही. पुरात वाहणाऱ्या ओंडक्यावर कुणी फुंकर घालावी, तसला तो प्रकार.

आणि याचा पुरावा आपल्या जिल्ह्याच्या गावी, मोठ्या दवाखान्यात रोज मिळतो. एमआरआय नावाचे यंत्र आपणांपैकी काहींनी पाहिले असेल, काही जण त्या बोगद्यात पडूनही आले असतील. चुंबकाचे बळ मोजण्याचे एक माप आहे, गॉस. पृथ्वीचे चुंबकत्व आपल्याकडे सुमारे ०.४ गॉस भरते. गादीचे पत्रक मोठ्या तोऱ्यात 'हजार गॉस' असे छापते. एमआरआयच्या नेहमीच्या यंत्रात १५,००० गॉस असतात, काही यंत्रांत ३०,०००. त्या बोगद्यात माणूस अर्धा अर्धा तास पडून राहतो. चुंबकाने रक्त ओढले जात असते, तर तिथे गेलेल्या रोग्याचे काय झाले असते याची कल्पनाच करवत नाही. प्रत्यक्षात काय होते? माणूस उठतो, कपडे बदलतो, बाहेर येऊन चहा पितो. त्याची सांधेदुखी जशी होती तशीच असते. पंधरा हजारांनी जे झाले नाही, ते हजारांनी कसे व्हावे?

बरे, ते हजार तरी अंगापर्यंत पोचतात का? चुंबकाचे बळ अंतराबरोबर फार झपाट्याने घटते. थोड्या अंतरापलीकडे तर असा हिशेब पडतो की, अंतर दुप्पट केले की बळ आठव्या हिश्शावर येते. पत्रकातला आकडा चुंबकाच्या अगदी पृष्ठभागावरचा असतो. त्यावर कापूस किंवा फोम, वर खोळ, वर चादर, मग आपले कपडे, कातडी, चरबी, आणि त्यानंतर कुठे तो दुखरा सांधा. गुरुजींकडे आम्ही एक साधा प्रयोग केला, तो आपणही करून पाहावा. गादीत चुंबक जिथे लागतो तिथे एक टाचणी ठेवली, ती चिकटली. मग मध्ये चादरीची एकेक घडी वाढवत गेलो. थोड्याच घड्या झाल्या आणि टाचणी हलेनाशी झाली. खुद्द लोखंडाच्या टाचणीलाही जे बळ इतक्यात सोडून देते, ते गुडघ्याच्या वाटीपर्यंत जाऊन काय करणार? गुरुजी ती टाचणी हातात घेऊन बराच वेळ गप्प बसले.

पण भाच्याजवळ दुसरे उत्तर तयार होते. तो म्हणाला, "मामा, पृथ्वीचं चुंबकत्व कमी होत चाललंय. सिमेंट-लोखंडाच्या घरांत ते आपल्याला मिळत नाही. त्याची भरपाई ही गादी करते." ही कल्पना मूळची जपानमधली. १९७६ साली नाकागावा नावाच्या एका जपानी डॉक्टरांनी तसे लिहिले, आणि 'चुंबकत्वाच्या कमतरतेचा विकार' असे त्याला नावही दिले. वैद्यकशास्त्राने मात्र असा विकार मान्य केलेला नाही.

पृथ्वीच्या चुंबकत्वाबद्दल बोलायचे तर आपल्या महाराष्ट्राला त्यात मानाची जागा आहे. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून ते मोजण्यास आरंभ झाला. पुढे मुंबईत विजेची ट्राम येणार असे ठरले, तेव्हा तिच्या विद्युत्प्रवाहाने नाजूक उपकरणांचे काटे बहकतील म्हणून हे काम समुद्रापलीकडे अलिबागला नेण्यात आले. १९०४ पासून तेथे ते चालू आहे. या अशा दीर्घ नोंदींमुळेच आपणांस कळते की, गेल्या पावणेदोनशे वर्षांत पृथ्वीचे चुंबकत्व एकंदरीने सुमारे एक दशांशाने घटले आहे. तेव्हा 'कमी होत आहे' हे भाच्याचे म्हणणे खोटे नाही. पण आता त्याचा हिशेब करा. ०.४ गॉसचा दहावा हिस्सा म्हणजे ०.०४ गॉस. तो भरून काढण्यासाठी हजार गॉसची गादी! चिमूटभर मीठ कमी पडले म्हणून आमटीत पोतेभर मीठ ओतण्याचाच हा प्रकार झाला. शिवाय माणसाला मुळी चुंबकत्वाचा ठराविक खुराक लागतो, हेच कुणी दाखवून दिलेले नाही.

आता आपण म्हणाल, तर्क राहू द्या. ज्यांना गुण आला त्यांचे काय? हा प्रश्न अगदी रास्त आहे. आणि तो आजचा नव्हे, त्याला अडीचशे वर्षे होत आली.

१७७४ साली व्हिएन्नात फ्रान्झ आंटोन मेस्मर नावाच्या वैद्याने चुंबक लावून रोग्यांवर उपचार सुरू केले. पुढे त्याने चुंबक बाजूला ठेवला आणि आपल्याच अंगात एक 'प्राणिचुंबकत्व' आहे, असे तो सांगू लागला. पॅरिसमध्ये त्याच्याकडे रीघ लागली. माणसे थरथरत, मूर्च्छा येऊन पडत, आणि बरे वाटले म्हणून सांगत. शेवटी १७८४ साली फ्रान्सच्या राजाने चौकशी समिती नेमली. तीत रसायनशास्त्रज्ञ लाव्हॉझिए होते आणि अमेरिकेचे वकील म्हणून तेथे राहणारे बेंजामिन फ्रँकलिनही होते. समितीने वादविवाद केला नाही. तिने प्रयोग केला. फ्रँकलिन यांच्या बागेत जर्दाळूचे एक झाड मेस्मरच्या शिष्याने 'भारून' ठेवले. मग बारा वर्षांच्या एका मुलाचे डोळे बांधून त्याला एकामागून एक अशा झाडांपाशी नेले. प्रत्येक झाडापाशी त्याला जास्त जास्त होऊ लागले आणि चौथ्या झाडाशी तर तो मूर्च्छित झाला. मात्र भारलेले झाड ते नव्हतेच! समितीने निष्कर्ष काढला: परिणाम होतो तो कल्पनेचा, कल्पना वजा केली तर चुंबकत्वाच्या वाट्याला काही उरत नाही.

ध्यानात घ्या, समितीने त्या मुलाला ढोंगी म्हटले नाही. त्याला खरोखरच मूर्च्छा आली होती. तसेच गादीवर झोपून 'बरे वाटते' असे सांगणारा माणूसही खोटे बोलत नसतो. त्याला बरे वाटते. प्रश्न एवढाच की, ते कशाने वाटते?

कारणे शोधू गेले तर तीन-चार हाताशीच सापडतात. एक तर सांध्यांच्या आणि कमरेच्या दुखण्याला भरती-ओहोटी असते. दुखणे भरात असते तेव्हाच माणूस उपाय शोधतो, आणि त्यानंतर ओहोटी यायचीच असते; श्रेय मात्र त्या वेळी जो उपाय चालू असेल त्याला मिळते. दुसरे, जुनी गादी. गुरुजींची कापसाची गादी किती वर्षे पिंजलेली नव्हती हे त्यांनाच आठवेना. मध्ये खड्डा, कडेला गोळे. त्यावरून उठून नव्या सपाट गादीवर झोपले तर कंबर सैल होणारच, आत चुंबक असोत वा नसोत. स्पेनमध्ये २००३ साली जुनाट कंबरदुखीच्या ३१३ रोग्यांवर गाद्यांचीच परीक्षा झाली. अगदी कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांना जास्त आराम पडला. त्यांत चुंबकाचा संबंध नव्हता. तिसरे कारण मनाचे. लाखाची वस्तू घेतल्यावर, आणि तीही भाच्याकडून, 'काही उपयोग नाही' असे म्हणायला जीभ रेटत नाही. चौथे, कुणीतरी आपली विचारपूस करते आहे, रोज फोन करून "मामा, आज कसं वाटतंय?" म्हणते आहे, यानेही दुखणे हलके होते.

तेव्हा चुंबकाचा गुण वेगळा काढायचा तर फ्रँकलिन यांच्या बागेतलाच उपाय करावा लागतो. निम्म्या रोग्यांना खरे चुंबक, निम्म्यांना हुबेहूब दिसणारे पण बळ नसलेले तुकडे. आणि कुणाला काय दिले हे रोग्यालाही ठाऊक नाही, तपासणाऱ्यालाही नाही. अशा परीक्षा झाल्या आहेत. १९९७ साली अमेरिकेत पोलिओनंतरच्या वेदना असलेल्या ५० रोग्यांवर पाऊण तास चुंबक लावून पाहिले, तेव्हा खऱ्या चुंबकाच्या बाजूने मोठा फरक दिसला. विक्रेते याच प्रयोगाचा दाखला देतात. पण लहानशा एका प्रयोगावर थांबायचे नसते. २००० साली जुनाट कंबरदुखीच्या २० रोग्यांवर प्रयोग झाला, फरक नाही. २००३ साली टाचदुखीच्या १०१ रोग्यांना चुंबकी तळवे देऊन पाहिले, फरक नाही. खुद्द चुंबकी गादीची मोठी परीक्षा अमेरिकेतच २००१ साली झाली. सर्वांग दुखण्याचा जो फायब्रोमायाल्जिया नावाचा विकार आहे, त्याचे रोगी सहा महिने या गाद्यांवर झोपले. सर्वांनाच थोडे बरे वाटले, नकली गादीवाल्यांनासुद्धा. एका गटात वेदनेची तीव्रता जरा अधिक उतरली; पण बाकीच्या मापांत खऱ्या आणि नकली गादीत धरण्याजोगा फरक निघाला नाही. २००७ साली असे अनेक प्रयोग एकत्र तपासून पाहण्यात आले, तेव्हाही वेदना घालवण्यासाठी चुंबकाची शिफारस करण्याजोगा आधार मिळाला नाही. गुडघ्यांच्या झिजेबाबत तेवढा आणखी शोध व्हावा असे परीक्षकांनी म्हटले. पुढे २०१३ साली इंग्लंडात संधिवाताच्या ७० रोग्यांनी चुंबकी मनगटपट्टे वापरून पाहिले. त्यांतही नकली पट्ट्याहून अधिक काही हाती लागले नाही. आणि रक्तदाब किंवा मधुमेह गादीने आटोक्यात येतो, याला तर कसलाच भरवशाचा पुरावा नाही.

येथे एक खुलासा केला पाहिजे. चुंबकत्वाचा वैद्यकात उपयोगच नाही असे मी म्हणत नाही. न सांधणारे हाड जुळून यावे म्हणून किंवा औषधाला न जुमानणाऱ्या उदासीनतेच्या विकारात डॉक्टर चुंबकीय लहरींची यंत्रे वापरतात. पण तेथले चुंबकत्व क्षणाक्षणाला बदलते, आणि बदलत्या चुंबकत्वाने वीज निर्माण होते हे फॅरडेने १८३१ सालीच दाखवले. गादीतला चुंबक स्वस्थ पडलेला असतो. एकाच्या नावावर दुसऱ्याने उधारी करावी, तसे ही गादी त्या यंत्रांच्या नावावर आपली पत मिळवते.

आणखी एक चमत्कार भाच्याने करून दाखवला. गुरुजींना हात आडवा ताठ धरायला सांगून वरून दाबला. हात खाली गेला. मग त्यांना गादीवर उभे करून पुन्हा दाबला. हात ढळला नाही. "बघा मामा, ताकद!" आता हे कसे झाले? पहिल्या खेपेस दाब मनगटावर होता, दुसऱ्या खेपेस कोपराशी. तरफेचा नियम शाळेत आपण सारेच शिकलो आहोत. शिवाय दुसऱ्या वेळी धक्का केव्हा येणार हे माणसाला ठाऊक असते. असा प्रयोग कुणी दाखवला तर एकच करा. तिसऱ्या माणसाकरवी एका पिशवीत चुंबक आणि दुसरीत तेवढाच दगड घालून घ्या, आणि कोणत्या पिशवीत काय हे दोघांनाही न सांगता दहा वेळा हात दाबून पाहा.

इतके सगळे ऐकून कुणी म्हणेल, गुण नाही तर नाही, अपाय तरी काय? अपाय दोन आहेत. ज्यांच्या छातीत पेसमेकर बसवलेला आहे, त्यांनी चुंबक अंगाशी घेऊन झोपणे धोक्याचे आहे. त्या यंत्राचे काम त्याने बिघडू शकते. इन्शुलिनचा पंप किंवा शरीरात बसवलेले असेच दुसरे उपकरण असेल, तरीही डॉक्टरांना विचारावे. दुसरा अपाय याहून मोठा, कारण तो कुणालाही होऊ शकतो. गुरुजींनी चौथ्या दिवशी आपली रक्तदाबाची गोळी बंद केली. "गादी आहे ना," असे त्यांनी काकूंना सांगितले. सहाव्या दिवशी नळाशी वाकताना त्यांना भोवळ आली. डॉक्टरांनी दाब तपासला तो बराच चढलेला होता. वेळेवर गोळी पुन्हा सुरू झाली म्हणून निभावले. गादीने त्यांना इजा केली नव्हती. तिच्यावरच्या विश्वासाने केली होती.

आणि पैशाचे काय? जपानात 'जपान लाइफ' नावाची एक कंपनी चुंबकी वस्तू विकत असे. पुढे पुढे तर तिने वृद्ध गिऱ्हाइकांना असे सांगितले की, चुंबकाच्या या महागड्या वस्तू तुम्ही विकत घ्या, आम्ही त्या भाड्याने लावून तुम्हांला दरसाल सहा टक्के देऊ. सरकारने २०१६ च्या अखेरीपासून तिला वारंवार मनाई केली, २०१८ साली तिचे दिवाळे वाजले, आणि हजारो लोकांची आयुष्याची पुंजी बुडाली. कंपनीच्या माजी प्रमुखाला २०२२ साली आठ वर्षांची कैद झाली. पण आधी गेलेली पुंजी शिक्षेने परत येत नाही.

आपल्याकडेही कायदे आहेत. मधुमेह, रक्तदाब, पक्षाघात, कर्करोग असे रोग बरे करतो म्हणून औषधांच्या व चमत्कारी उपायांच्या जाहिराती करण्यास १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. फसव्या जाहिरातींना २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा लागू होतो. घरोघर विक्री करणाऱ्यांसाठी २०२१ चे नियम आहेत. ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ ठरवल्याशिवाय विक्रेत्याने घरी येऊ नये, आणि माणसे जोडण्यावरच पैसे मिळतील अशी साखळी चालवू नये, असे ते सांगतात. तक्रार असेल तर १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक साहाय्य केंद्राला फोन करता येतो. गादी घेण्यापूर्वी दावा लेखी मागा, सहीशिक्क्याची पावती मागा, परत घेण्याची मुदत विचारा. बहुतेक वेळा पहिल्या मागणीलाच संभाषणाचा सूर बदलतो.

गुरुजींनी गादी आठव्या दिवशी परत केली. तेव्हा एक गोष्ट उघड झाली. भाच्याने स्वतः तशीच गादी कर्ज काढून घेतली होती. ती घेतल्याखेरीज त्याला विक्रेता होता येत नव्हते, आणि आणखी काही गाद्या खपल्याखेरीज ते कर्ज फिटणार नव्हते. तो लबाड नव्हता. तोही गिऱ्हाईकच होता, मामांच्या अगोदरचा. गुरुजी त्याला म्हणाले, "अरे, तू रिकाम्या हातानं ये. जेवायला ये. पण औषध म्हणून काही आणू नकोस." आणि त्याच आठवड्यात ते त्याला बरोबर घेऊन एका वकिलाकडे गेले, निदान त्याचे पैसे तरी वसूल होतात का ते पाहायला. त्याचा निकाल अजून लागायचा आहे.

इकडे पिंजाऱ्याला बोलावून जुनी गादी पिंजून, नवी खोळ घालून झाली. डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी व्यायाम सांगितले आहेत, ते गुरुजी रोज सकाळी ओसरीवर करतात, आणि गोळी आधी घेतात. गुडघे दुखायचे थांबले का? नाही. पण जिना चढताना आता ते मध्ये एकदाच थांबतात.